खडपावर पाय ठेवू नका

मालवणची जेटी सोडून होडी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघाली की साधारण ५० मीटरवर अभयारण्याची हद्द लागते. होडीतल्या कुणाला ते कळत नाही. ताडोबाला फाटक असतं. तिथे ओळखपत्र बघतात, गाड्या मोजतात, गाइड शेजारी बसतो आणि जिप्सीतून खाली उतरायचं नाही असं दोनदा बजावतात. आमच्याकडे फाटक उभं करायला जमीनच नाही. समोर किल्ल्याचा तट, एका अंगाला पद्मगड, मागे बंदर. फोटो काढता काढता कुणीतरी हटकून विचारतं, "इथे ते सागरी अभयारण्य म्हणतात ते नेमकं कुठे आहे?" "तुम्ही आत्ता त्यातच बसलाय," असं सांगितलं की सगळी होडी एका बाजूला वाकते आणि तांडेलाला ओरडावं लागतं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा फक्त ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूची पाण्याखालची खडपं, म्हणजे खडक, या गाभ्यात येतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत गाजलेल्या जलदुर्गाचं दार आणि सर्वांत नाजूक प्रवाळाचं घर एकाच जागी आहे. किल्ल्याला येणारा माणूस थांबवता येत नाही, थांबवूही नये. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात सिंधुदुर्ग आहे. गर्दी वाढणार हे धरूनच पुढचं बोलायला हवं.

मी मालवणातल्या दांडीचा. आमचं घर रापणीच्या मासेमारीचं, जात गाबीत, आणि माझं काम गेली कित्येक वर्षं लोकांना पाण्याखाली नेण्याचं. हल्ली स्वतः कमी उतरतो, नवीन पोरांना शिकवतो जास्त. घरातले थोरले अजून अभयारण्य म्हटलं की तोंड फिरवतात, आणि त्यांचं कारण मला पटतं. जाहीरनामा निघाला तेव्हा त्यांच्या कानावर एवढंच आलं की आता इथे मासेमारी बंद होणार. पिढ्यानपिढ्या ज्या पाण्यावर चूल पेटली ते पाणी एका कागदानं आपलं राहणार नाही, ही भीती घराघरात शिरली. गावानं विरोध केला. त्या विरोधात प्रवाळाबद्दल राग नव्हता, प्रवाळाबद्दल कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. मासे अंडी घालायला, लपायला आणि वाढायला याच खडपांत येतात हे थोरल्यांना शास्त्रज्ञांआधी ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं असतं, तर कुठलं खडप राखायचं हे त्यांनी बोट दाखवून सांगितलं असतं.

आता खाली काय आहे ते सांगतो, कारण राखायचं काय हे कळल्याशिवाय राखायचं कसं यावर बोलण्यात अर्थ नाही.

अंदमान किंवा लक्षद्वीपचे व्हिडिओ पाहून आलेल्यांना आमचं पाणी पहिल्यांदा गढूळ वाटतं. ते तसंच आहे. कर्ली आणि कोळंबच्या खाड्या पावसाळाभर गाळ आणि गोडं पाणी आणून ओततात. डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळतं, तेव्हा दिवस चांगला असेल तर चार-पाच मीटरवरचं स्वच्छ दिसतं. किल्ल्याच्या आसपासची खडपं फार खोल नाहीत. कित्येक ठिकाणी सुकतीला माणूस उभा राहील एवढंच पाणी उरतं. त्या खडपांवर प्रवाळ धरलेलं आहे. पोराइट्स जातीचं प्रवाळ गोल, बसकं, पिवळट-तपकिरी. टर्बिनारियाचं पसरट, काठाला मुडपलेलं, एखाद्या उलगडत चाललेल्या पानकोबीसारखं. नवख्याला दोन्ही दगडच वाटतात. मास्क जवळ नेऊन श्वास हळू सोडत थोडं थांबलं, तर त्या दगडावर मोहरीएवढी बारीक तोंडं दिसू लागतात. प्रत्येक तोंड एक जीव. आपल्याच शरीरातून चुना पाझरून त्यानं स्वतःचं घर बांधलेलं असतं, आणि शेजारच्या हजारो घरांशी त्याच्या भिंती जोडलेल्या असतात. त्याच्या मांसात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाला रंगही बहुतांशी त्या शेवाळाचाच.

गोल पोराइट्स वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, बऱ्याचदा त्याहून कमी. कलिंगडाएवढा गोळा पाहिला की तो कित्येक दशकांचा आहे असं समजायचं. गढूळ पाण्यात, गाळात, पावसाळ्याच्या गोड्या पाण्यात तग धरून तो इथवर आला आहे. गाळ अंगावर बसला तर तो चिकट स्राव सोडून झटकून टाकतो, त्यासाठी त्याला ताकद खर्चावी लागते. म्हणून मालवणच्या प्रवाळाबद्दल मला जास्त माया आहे. सोयीच्या पाण्यात वाढलेलं हे प्रवाळ नव्हे. त्याच्या आधारानं पोपटमासे, फुलपाखरूमासे, मोठ्या डोळ्यांची तांबुशी, शेवंडं आणि कितीतरी कालवं-खेकडे जगतात.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पण समुद्राखाली माणूस उतरू लागला तो पुढच्या दशकात. तारकर्लीला पर्यटन महामंडळानं प्रशिक्षण सुरू केलं, गावातल्या पोरांनी सिलिंडर भरायला शिकून घेतलं, आणि बघता बघता दांडी, वायरी, चिवला, तारकर्ली, देवबाग असा सगळा किनारा या धंद्याला लागला. मासळी दरवर्षी कमी होत असताना, बाहेरून येणारे पर्ससीन आणि एलईडी दिव्यांचे ट्रॉलर समुद्र खरवडून नेत असताना, या धंद्यानं आमची कितीतरी घरं तगवली. पोरं मुंबईला गेली नाहीत. हे मी फार मोलाचं मानतो.

येणाऱ्या लोकांबद्दलही माझ्या मनात आदर आहे. मध्यंतरी सोलापूरच्या एक काकू आल्या होत्या, साठी उलटलेल्या, नऊवारीतल्या. नातवंडांनी आग्रह केला म्हणून त्या पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरल्या. पोहता येत नव्हतं. मास्क लावून त्यांना होडीच्या कडेला धरून ठेवलं, तोंड पाण्यात घातलं आणि त्या स्तब्ध झाल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अहो, हे सगळं आधीपासून इथेच होतं?" ज्यानं खाली पाहिलं त्याला समुद्र म्हणजे नुसतं पाणी वाटत नाही. अशा माणसांवाचून प्रवाळाची बाजू घेणारं कोण आहे? म्हणून पर्यटन बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण नुकसान होतं, आणि ते कसं होतं हे मी रोज बघतो.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पोहता येत नाही. त्यांना जी डुबकी देतात ती शिकवणी नसते, ओळख असते. प्रशिक्षक सिलिंडर धरून त्यांना खाली नेतो, पाचदहा मिनिटं फिरवतो, कॅमेरा असलेला दुसरा पोरगा फोटो काढतो. माणूस घाबरला की छाती भरून श्वास घेतो आणि वर तरंगतो. तसं होऊ नये म्हणून वेट बेल्टमध्ये शिशाचे तुकडे जरा जास्त घालतात. जास्त वजनाचा माणूस तळाला बसतो. तळ म्हणजे खडप, खडपावर प्रवाळ. गुडघा टेकतो, फिन आपटतात, गाळ उठतो. त्यात ओढ असेल तर प्रशिक्षक स्वतःला आणि पाहुण्याला सावरायला एका हातानं खडप धरतो, रोज तेच, कारण धरायला सोपं तेच असतं. फोटो चांगला यावा म्हणून मासे जवळ हवेत, मग पाव किंवा बिस्किटं सोडतात. काळे पट्टे असलेले धिटुकले मासे झुंडीनं येतात, बाकीचे लाजरे मासे मागे सरतात. जे मासे खडपावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात त्यांना पावाची सवय लावण्यात कुणाचंच भलं नाही. शेवाळ माजलं की प्रवाळाची नवी पिल्लं बसायला जागा राहत नाही.

आणि नांगर. दिवसात होड्या कितीतरी वेळा येतात-जातात, बहुतेक जण अजून खडपातच नांगर टाकतात, कारण तिथे तो पटकन धरतो. नांगर पडताना एक घाव बसतो. त्याहून वाईट साखळी. वारा आणि भरती फिरली की होडी फिरते, होडीबरोबर साखळी तळावरून घासत फिरते. जिथे रोज नांगर पडतो तिथे खडपावर अर्धगोल पांढरा पट्टा दिसतो. पोरांना हा पट्टा दाखवायला मी मुद्दाम खाली नेतो. माझ्या तोंडच्या शंभर शब्दांपेक्षा त्या एका पट्ट्यानं त्यांना जास्त कळतं.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २०१४ ते २०१६ या काळात पाणी तापल्यानं इथलं प्रवाळ पांढरं पडलं ते त्यांनी नोंदवलं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं, रंग जातो, उपासमार सुरू होते. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरतं. २०२० साली त्याच संस्थेतून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो खास मालवणच्या डायव्हिंगवर. अप्रशिक्षित पर्यटक, नियमनाचा अभाव आणि त्यातून मोडणारं प्रवाळ. जबाबदारी कुणाचीच नाही, असा त्याचा सूर होता. इथल्या काहींना तो झोंबला. मला तो आमच्या बाजूचा वाटला. समुद्राचं तापमान मालवणच्या हातात नाही. पण तापातून उठलेल्या आजाऱ्याच्या छातीवर कुणी उभं राहू नये, एवढं तर आमच्या हातात आहे.

किती माणसं चालतील, हा प्रश्न जगात इतर ठिकाणी विचारून झाला आहे. कॅलम रॉबर्ट्स आणि ज्युली हॉकिन्स या ब्रिटिश सागरी शास्त्रज्ञांनी तांबडा समुद्र आणि कॅरिबियनमधल्या अभ्यासांवरून १९९० च्या दशकात एक अंदाज मांडला: एका डुबकीच्या जागेवर वर्षाला ५ ते ६ हजार डुबक्या, त्यापुढे नुकसान वेगानं वाढतं. ते आकडे मुख्यतः शिकलेल्या डायव्हरांचे होते. आमचा हंगाम ऑक्टोबर ते मे, म्हणजे साधारण २४० दिवस. ६ हजारांना २४० नं भागलं की दिवसाला २५ डुबक्या येतात. एका जागेला, दिवसभरात. दिवाळीच्या सुट्टीत किंवा ३१ डिसेंबरच्या आठवड्यात किल्ल्यामागच्या खडपावर सकाळी दोन तास उभे राहा आणि स्वतः मोजा. वर्षाची बेरीज कदाचित बसेलही, पण समुद्र वर्षाच्या सरासरीवर चालत नाही. गर्दी त्या ठरावीक दिवसांना आणि त्या ठरावीक तीन-चार जागांना होते.

कॅरिबियनमधल्या बोनेर बेटानं १९७९ सालीच किनाऱ्याभोवतीचा समुद्र राखीव केला. तिथे प्रवाळावर नांगर टाकायला बंदी आहे. वाळूच्या तळात पक्के बसवलेले बोये आहेत, होडीनं त्यांना दोर बांधायचा आणि निघताना सोडायचा. १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून शुल्क घेतात आणि ते पैसे उद्यानावरच खर्च होतात. त्याहून मला भावला तो इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानातला प्रयोग. तिथे संशोधकांनी डुबकीआधी लोकांना थोडा वेळ समजावून सांगितलं आणि मग पाण्यात त्यांच्यावर नजर ठेवली. सांगण्याआधी एक डायव्हर सात मिनिटांत सरासरी १.४ वेळा प्रवाळाला धक्का देत होता. सांगितल्यावर हेच प्रमाण ०.४ वर आलं. याला ना बोट लागते ना निधी, फक्त पाण्याबाहेर काही मिनिटं बोलायला लागतं. मी माझ्या पोरांना हा आकडा पाठ करायला लावला आहे.

थायलंडच्या माया बेची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. एका हॉलिवूड चित्रपटानं प्रसिद्ध झालेली छोटीशी पुळण, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली. दिवसाला ५ हजारांवर माणसं येऊ लागली, होड्या थेट प्रवाळावरून किनाऱ्याला लागू लागल्या. जून २०१८ मध्ये सरकारनं ती बंद केली. जानेवारी २०२२ मध्ये उघडली तेव्हा होड्यांना पुढच्या बाजूनं येणं बंद झालं होतं. बेटाच्या मागच्या अंगाला तरंगता धक्का, तिथून लाकडी वाट, एका वेळी ३७५ माणसं, पोहायला मनाई, आणि दरवर्षी पावसाळ्यात दोन महिने पूर्ण बंद. मधल्या काळात त्या उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या मोऱ्या, म्हणजे शार्क, परतल्या. मला मात्र यातलं साडेतीन वर्षांचं बंद नको आहे. साडेतीन वर्षं बंद म्हणजे मालवणात कर्जाचे हप्ते कोण भरणार? कॉम्प्रेसर, इंजिन, सिलिंडर, होडी, सगळं बँकेच्या पैशावर उभं आहे. तशी वेळ यायच्या आधी हात चालवला पाहिजे.

आणि हात चालवायची पद्धत आमच्याकडे जुनीच आहे. रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जातात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात. मग पन्नास-साठ माणसं दोन बाजूंनी दोर ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याला वाटा, होडीला वाटा, ओढणाऱ्याला वाटा, आणि जिच्या घरी ओढायला माणूस उरला नाही त्या विधवेच्या टोपलीतही काही पडतं. किनारा एक आणि रापणसंघ अनेक, म्हणून कुणी कधी जाळं टाकायचं याची पाळी ठरलेली असते. पाळी नसताना जाळं टाकणाऱ्याला गाव जाब विचारतं. त्याला पोलीस लागत नाहीत.

माझं म्हणणं इतकंच आहे की खडपांनाही पाळी लावा. डुबकीच्या जागा मोजक्या आहेत, त्या सगळ्या होडीवाल्यांना पाठ आहेत. प्रत्येक जागेला वाळूत बोया बसवायचा. एका बोयाला एका वेळी एक होडी. सकाळी जेटीवर नाव लावायचं, आपली वेळ आली की जायचं. आठवड्यात एक जागा आळीपाळीनं रिकामी ठेवायची. शुल्काचा ठरावीक भाग बोये, दोर आणि राखण करणाऱ्या पोरांच्या पगाराला जायला हवा, आणि त्याचा हिशेब दांडीच्या देवळासमोर फळ्यावर लिहायला हवा. वनखात्याचा शिक्का हवा, कारण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. पण रोजची नजर आमचीच असायला हवी. पाटी बघून थांबणारा माणूस विरळा. शेजारच्या होडीतल्या चुलत्यानं, "रे, खडपार नांगर टाकू नको, ता जिताजागता आसा," असं चारचौघांत म्हटलं की दुसऱ्या दिवशी तो नांगर पडत नाही, हा माझा अनुभव आहे.

यावर आमचेच लोक विचारतात की पाळी लावली तर गिऱ्हाईक तारकर्लीला जाईल, तिथे नाही लावली तर? प्रश्न खरा आहे. म्हणून नियम एका वाडीचा चालणार नाही, दांडीपासून देवबागपर्यंत एकच लागेल. दुसरा प्रश्न दराचा. एकमेकांचे दर पाडत आम्ही डुबकी इतकी स्वस्त केली की माणसांच्या संख्येवरच पोट चालतं. कमी माणसं, जास्त वेळ, आधी पंधरा मिनिटं समजावणं आणि त्याचा योग्य दर असं झालं तर होडीवाल्याच्या हातात तेवढेच पैसे पडतात, इंजिनाचं तेल वाचतं, आणि जिवाला धोकाही कमी होतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीला डुबकीहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्या दिवशी आख्खा किनारा सुन्न होता. होडीत किती माणसं घ्यायची हा प्रश्न प्रवाळाचा आहे तितकाच माणसाच्या जिवाचाही आहे.

गर्दीला वाटही काढून द्यावी लागेल. सगळं मालवण किल्ल्यामागच्या खडपावर ओतायची गरज नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः वल्ही मारत कांदळवनाची सफर घडवतात, चिपी म्हणजे काय आणि तिवर म्हणजे काय ते झाडाला हात लावून दाखवतात. वायंगणीला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळतात. निवतीजवळ नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प आहे. बुडालेल्या लोखंडावर हात टेकला, फिन लागली तरी शंभर वर्षांचं काही मोडत नाही. नवख्यांच्या डुबक्या तिकडे नेता आल्या तर किल्ल्याच्या खडपांना श्वास मिळेल. अर्थात तिथेही पहिल्या दिवसापासून बोये हवेत, होड्यांची संख्या ठरलेली हवी. पाच वर्षांनी सुचून उपयोग नाही.

समुद्र स्वतः दरवर्षी एक बंदी पाळतोच. जूनमध्ये किल्ल्याची होडी बंद होते, डुबक्या थांबतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. लाटा तळ ढवळतात, गाळ येतो, पण माणूस येत नाही. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळू लागतं आणि मी वर्षातली पहिली डुबकी पाहुण्याशिवाय मारतो. कुठलं प्रवाळ पावसाळ्यातून तगलं, गेल्या हंगामातल्या कुठल्या घावावर कड भरून येते आहे, कुठे शेवाळ चढलं, हे पाटीवर पेन्सिलीनं लिहून घेतो. आता सोबत तीन-चार पोरं येतात. त्यांतल्या एकीला चिवल्याच्या पाण्यातला प्रत्येक मोठा गोळा खुणेनं ओळखता येतो, आणि ती रापणीच्याच घरातली आहे. अशी नोंद प्रत्येक वाडीनं ठेवली, तर पाळी ठरवायला बाहेरून कुणी यायची वाट बघावी लागणार नाही. ऑक्टोबरमध्ये सगळे होडीवाले एकत्र बसतात तेव्हा ही नोंद समोर ठेवायची आणि त्या वर्षी कुठली जागा विसावा घेणार ते तिथेच ठरवायचं, असा आमचा प्रयत्न चालू आहे.

तुम्ही या दिवाळीला येणार असाल तर पैसे देण्याआधी होडीवाल्याला विचारा: नांगर टाकणार की बोयाला बांधणार? होडीत किती जण असतील? खाली नेण्याआधी किती वेळ समजावून सांगणार? मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकतो म्हणाला, तर "नको, आम्ही थांबून बघू" असं सांगा. पोहता येत नसेल तर स्पष्ट सांगा, मास्क लावून होडीच्या कडेनं बघण्यातही मालवणचा समुद्र पुरेपूर दिसतो. गिऱ्हाइकानं हे प्रश्न विचारायला सुरुवात केली की जेटीवर त्याची चर्चा होते. गेल्या हंगामात दोनतीन कुटुंबांनी विचारलं आणि आठवड्याभरात आमच्या शेजारच्या होडीवाल्यानं बोया कुठे मिळतो ते मला विचारलं. मी त्याला दोर किती जाडीचा लागतो तेही सांगितलं.